ठेवीदारांचा वकील : एक उपेक्षित व्रत

(गोंदिया जिल्ह्यातील विधी शाखेचे विद्यार्थी आणि नवोदित वकील यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या मध्यमवर्गीय घरी जावे आणि घरातील वडीलधाऱ्यांना विश्वासात घेऊन लोखंडी कपाट उघडावयास सांगावे. सातबाऱ्याचे उतारे, विम्याचे कागद, मुलांची प्रमाणपत्रे यांच्या तळाशी पुष्कळदा एक प्लास्टिकची पिशवी निघते. तिच्यात गुळगुळीत कागदावरचे रंगीत प्रमाणपत्र असते, पासबुक असते, हप्त्यांच्या पावत्या असतात. त्यावर जी मुदत लिहिलेली असते, ती उलटून दहा-बारा वर्षे झालेली असतात. पैसे मिळालेले नसतात आणि कागद टाकवतही नाहीत. धानाचे चुकारे, निवृत्तीची रक्कम, तेंदूपत्त्याच्या हंगामात गाठीला बांधलेली मजुरी असे काय काय त्या कागदांत अडकलेले असते.

अशा घरात एक प्रश्न विचारून पाहावा. "आपला वकील कोण?" त्यावर समोरची व्यक्ती गोंधळून पाहते. जमिनीच्या तंट्याला वकील असतो, फौजदारी खटल्याला असतो, फारकतीला असतो. बुडालेल्या ठेवीलाही वकील असू शकतो, हे त्या घराला कोणी सांगितलेलेच नसते. आजच्या विवेचनाचा विषय तोच, न दिसणारा वकील आहे.

ठेवीचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य आहे, हा विचार काही परदेशातून आलेला नाही. मनुस्मृतीने व्यवहाराची, म्हणजे खटल्यांची, जी अठरा पदे सांगितली, त्यांत ऋणादानानंतर लगेच दुसरे स्थान 'निक्षेपा'ला आहे. निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती ठेवलेले धन. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील 'धर्मस्थीय' या तिसऱ्या अधिकरणात ठेवींसाठी 'औपनिधिक' हे स्वतंत्र प्रकरण आहे. आणि प्रजेला लुबाडणाऱ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी 'कंटकशोधन' हे संपूर्ण चौथे अधिकरण आहे. ज्या समाजाने ठेवीचा एवढा सूक्ष्म विचार केला, त्याच समाजात आज ठेवीदार सर्वांत एकाकी का पडावा?

याचे उत्तर शोधण्यासाठी आधी थोडे दूर, अमेरिकेकडे पाहावे लागेल. कारण गुंतवणूकदारांचा वकील हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून प्रथम तेथे उभा राहिला. तेथील दिवाणी प्रक्रियेच्या २३ व्या नियमात १९६६ मध्ये दुरुस्ती झाली आणि हजारो लहान भागधारकांच्या वतीने एकाने दावा लावण्याचा मार्ग प्रशस्त झाला. त्या मार्गावरील सर्वांत गाजलेले नाव म्हणजे विल्यम लेराच. १९२९ साली अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला तेव्हा ज्यांची पुंजी गेली, त्यांत लेराचचे वडीलही होते. मुलगा वकील झाला, १९७६ पासून कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे मिलबर्ग वाइस या फर्मचे काम पाहू लागला आणि पुढील तीन दशके बड्या कंपन्यांच्या संचालकांना त्याच्या नावाने धडकी भरत असे. कंपनीने खोटे हिशेब दाखवले, समभागाचा भाव पडला, की लेराचचा दावा दाखल झालाच म्हणून समजावे. १९९५ साली अमेरिकी संसदेने अशा दाव्यांना लगाम घालणारा कायदा केला, तोही राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचा नकाराधिकार डावलून. यावरून या वकिलांचा दबदबा लक्षात यावा.

दाभोळमुळे महाराष्ट्राला परिचित असलेली एन्रॉन कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या गुंतवणूकदारांची बाजू लेराचच्या फर्मने लढवली आणि बँकांकडून व इतरांकडून मिळून ७ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वसूल झाली. बुडालेल्या पैशाच्या मानाने ती पुरी नव्हती. परंतु एवढी मोठी वसुली तोवर कोणी पाहिलेली नव्हती.

ही त्या कारकिर्दीची एक बाजू झाली. दुसरी बाजूही तितकीच सांगण्याजोगी आहे. तेथे वकिलाला वसुलीचा हिस्सा शुल्क म्हणून मिळतो. जो आधी दावा लावील, त्याच्याकडे सूत्रे जाण्याची शक्यता अधिक. त्यामुळे दावा लावण्यासाठी तयार ठेवलेले, अनेक कंपन्यांचे थोडे थोडे समभाग बाळगणारे 'हुकमी वादी' निर्माण झाले आणि त्यांना गुपचूप पैसे देण्याची प्रथा पडली. २००७ मध्ये लेराचने गुन्हा कबूल केला आणि फेब्रुवारी २००८ मध्ये त्याला दोन वर्षांची कैद झाली. त्याचा ज्येष्ठ भागीदार मेल्विन वाइस यालाही त्याच वर्षी तीस महिन्यांची शिक्षा झाली. लुबाडणाऱ्यांविरुद्ध आयुष्यभर लढलेली माणसे न्यायालयालाच फसवण्याच्या आरोपात गजाआड गेली. टक्केवारीची चटक लागली, की अशिलाचे दुःख हा कच्चा माल होतो, हा त्या कहाणीचा धडा आहे.

भारतात ही टक्केवारी मुळातच निषिद्ध आहे. भारतीय वकील परिषदेच्या नियमांनुसार खटल्याच्या निकालावर अवलंबून असलेले शुल्क ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा मागणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १९५४ साली एका ज्येष्ठ वकिलाच्या प्रकरणात ही भूमिका स्पष्ट केली. नियम उदात्त आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला, की लहान गुंतवणूकदाराचा खटला चालवण्यात वकिलाला आर्थिक आकर्षण उरले नाही. वीस हजार रुपये बुडालेल्या माणसाने वकिलाला किती द्यावे? आणि वकिलाने त्या वीस हजारांसाठी किती वर्षे खेटे घालावेत? अमेरिकेत वकील लोभाने बिघडला. आपल्याकडे तो निर्माणच होऊ शकला नाही.

या उणिवेची किंमत 'सत्यम'ने दाखवून दिली. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी पत्र लिहून हिशेबांतील हजारो कोटींच्या खोटेपणाची कबुली दिली. कंपनी एक, लबाडी एक, बुडालेले पैसेही एकाच कारणाने बुडालेले. परंतु ज्यांनी न्यूयॉर्कच्या बाजारात सत्यमचे रोखे घेतले होते, त्यांच्या वतीने तेथे सामूहिक दावा उभा राहिला आणि २०११ मध्ये कंपनीने साडेबारा कोटी डॉलर देऊन तडजोड केली. लेखापरीक्षकांनी आणखी अडीच कोटी डॉलरहून अधिक दिले. भारतातील लक्षावधी भागधारकांच्या वतीने एका गुंतवणूकदार संघटनेने राष्ट्रीय ग्राहक आयोगाचे आणि मग सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. तेथे त्या दाव्याला थारा मिळाला नाही. न्यूयॉर्कच्या गुंतवणूकदाराला भरपाई आणि नागपूरच्या गुंतवणूकदाराला हळहळ, असा हा न्याय झाला.

त्या अनुभवातून २०१३ च्या कंपनी कायद्यात २४५ वे कलम आले. शंभर भागधारक किंवा शंभर ठेवीदार एकत्र आले, तर ते राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे सर्वांच्या वतीने जाऊ शकतात आणि कंपनी, संचालक, एवढेच नव्हे तर लेखापरीक्षक यांच्याकडूनही भरपाई मागू शकतात. कलम २०१६ मध्ये अमलात आले, संख्येचे नियम २०१९ मध्ये आले. शस्त्र तयार झाले, परंतु ते हाती घेणारे अद्याप बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

तथापि गोंदियाच्या कपाटातील ती प्लास्टिकची पिशवी बहुधा शेअर बाजाराची नसते. ती असते ठेव योजनेची, 'दामदुप्पट'ची, भूखंडाच्या हप्त्यांची. तिच्यासाठी महाराष्ट्राने एक स्वतंत्र कायदा केला आहे. योगायोग असा, की गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो १९९९ साली आणि हा कायदाही त्याच वर्षाचा आहे. 'महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम' असे त्याचे नाव. न्यायालयात सर्वजण त्याला 'एमपीआयडी' म्हणतात.

या कायद्याची मूळ कल्पना साधी आहे. पूर्वी फसवणुकीचा गुन्हा नोंदला जाई, आरोपीला अटक होई, जामीन होई, आणि तोवर मालमत्ता नातेवाइकांच्या नावावर गेलेली असे. ठेवीदाराच्या हाती चोराच्या हातची लंगोटीसुद्धा लागत नसे. एमपीआयडीने आरोपीच्या आधी मालमत्तेला हात घातला. शासन अधिसूचना काढून संस्थेची व तिच्या प्रवर्तकांची मालमत्ता जप्त करते; महसूल खात्यातील अधिकारी सक्षम प्राधिकारी म्हणून तिचा ताबा घेतो; विशेष न्यायालय सर्वांचे म्हणणे ऐकून जप्ती कायम करते; मग लिलाव आणि ठेवीदारांना न्याय्य प्रमाणात वाटप. लबाडीने दुसऱ्याच्या नावे केलेली मालमत्ताही यातून सुटत नाही. दोषींना सहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

परंतु या कायद्यालाही स्वतःचे अस्तित्व टिकवण्यासाठी लढावे लागले. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो घटनाबाह्य ठरवला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी तामिळनाडूचा तशाच स्वरूपाचा कायदा आणि पाठोपाठ महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. पुढे २०१३ मध्ये नॅशनल स्पॉट एक्स्चेंजमध्ये सुमारे १३ हजार गुंतवणूकदारांचे ५,६०० कोटी रुपये अडकले, तेव्हा 'आम्ही ठेवी घेतल्याच नाहीत, आम्ही केवळ बाजारपेठ' असा बचाव झाला. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो मान्यही केला. २२ एप्रिल २०२२ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने तो निर्णय फिरवला आणि परत करण्याच्या बोलीवर घेतलेला पैसा वा वस्तू या कायद्याच्या अर्थाने ठेवच आहे, असे सांगितले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गाठ सोडवली. या कायद्याखाली जप्त झालेल्या मालमत्तेवर तारण कर्ज देणाऱ्या बँकांचा हक्क ठेवीदारांच्या आधी येत नाही, असा निर्णय दिला. 'ठेव' या एका शब्दाच्या अर्थासाठी नऊ वर्षे लढावे लागते, यावरून या वकिलीला कोणता स्वभाव हवा, याची कल्पना येईल.

मग या वकिलाचे प्रत्यक्ष काम कोणते? चित्रपटात दिसते तशी उलटतपासणी फार थोडी. खटला सरकारी अभियोक्ता चालवतो. ठेवीदारांचा वकील त्याला साहाय्य करतो. त्याचे खरे काम कागदाचे आणि माणसांचे आहे. ठेवीदारांची यादी करणे, प्रत्येकाची पावती व बँकेचे उतारे जुळवणे, रोखीने दिलेल्या पैशाचा काही पुरावा सापडतो का ते पाहणे, ठेवीदार दिवंगत झाला असेल तर वारसांचे कागद पुरे करणे. आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीला हजर राहून, काही रक्कम न्यायालयात भरल्याशिवाय सुटका होऊ नये, असा आग्रह धरणे. जप्तीच्या यादीत कोणती जमीन राहून गेली, हे तलाठ्याच्या दप्तरातून शोधणे. आणि सर्वांत कठीण म्हणजे ठेवीदारांत फूट पडू न देणे. आरोपी पहिल्याने मोठ्या ठेवीदारांना गाठतो, त्यांना काही रक्कम देऊन तक्रार मागे घ्यायला लावतो. मागे उरतात ते लहान. ही फूट ज्याने टाळली, त्याने अर्धा खटला जिंकला असे समजावे.

या कामाला धीर किती लागतो, याचे उदाहरण म्हणजे 'पीएसीएल'. सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम 'सेबी'ने १९९९ मध्ये केले. ते आपल्याला लागू नाहीत, म्हणून ही कंपनी राजस्थान उच्च न्यायालयात गेली आणि जिंकली. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय २०१३ मध्ये रद्द केला. ऑगस्ट २०१४ मध्ये 'सेबी'ने ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. गुंतवणूकदार होते सुमारे ५ कोटी ८५ लाख. २०१६ मध्ये निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली परतफेडीसाठी समिती नेमली गेली. या मधल्या चौदा वर्षांत, नियम लागू होतात की नाही हे ठरत असताना, गावोगाव हप्ते गोळा होतच होते. 'सहारा'च्या दोन कंपन्यांबाबत परतफेडीचा आदेश ३१ ऑगस्ट २०१२ चा. समूहाशी निगडित चार सहकारी संस्थांच्या ठेवीदारांसाठी केंद्र शासनाचे परतावा संकेतस्थळ सुरू झाले ते १८ जुलै २०२३ रोजी. अर्ज करायचा तर आधार बँक खात्याशी व मोबाइलशी जोडलेले हवे, पासबुकावरील नाव जुळायला हवे. सालेकसा किंवा देवरीच्या दुर्गम भागातील वृद्ध ठेवीदाराला हे एकट्याने जमणारे नाही. न्यायालयाने दिलेला न्याय त्याच्या उंबरठ्यापर्यंत नेणारा कोणी तरी हवाच.

गोंदियाच्या वकिलापुढे आणखी एक विशेष आव्हान आहे. हा जिल्हा तीन राज्यांच्या सीमेवर आहे. एका बाजूला मध्य प्रदेशातील बालाघाट, दुसरीकडे छत्तीसगड. बाजार, सोयरीक आणि भाषा सीमा मानत नाहीत. फसवणूकही मानत नाही. २०२२ मध्ये बालाघाट जिल्ह्यातील लांजी परिसरातील 'डबल मनी' प्रकरण उघडकीस आले, पोलिसांनी कोट्यवधींची रोकड जप्त केली. ते ठिकाण आमगावपासून फार दूर नाही. मध्य प्रदेशाचा ठेवीदार संरक्षण कायदा २००० चा, छत्तीसगडचा २००५ चा. त्या दोन्ही कायद्यांच्या नावांत 'निक्षेपक' हा जुना शब्द आहे. शिवाय अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ मध्ये आला. पैसा कोठे दिला, संस्था कोठली, मालमत्ता कोठे, यावरून कोणत्या राज्याचे न्यायालय हे ठरते. मुंबई-पुण्याच्या वकिलाला जे पुस्तकात शोधावे लागेल, ते गोंदियाच्या वकिलाला अनुभवाने ठाऊक असू शकते. येथील तरुणांना हे क्षेत्र खुले आहे, ते असे.

आता एक अप्रिय गोष्ट बोलणे आवश्यक आहे. नागपुरात २०१३ मध्ये श्रीसूर्या समूहाविरुद्ध आणि २०१४ मध्ये वासनकर समूहाविरुद्ध गुन्हे नोंदले गेले. दोष ठरवणे हे न्यायालयाचे काम आहे. त्याबद्दल येथे मत देण्याचे कारण नाही. परंतु अशा प्रकरणांतील ठेवीदार कोण होते? निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, अधिकारी, गृहिणी. शिकलेली, सुसंस्कृत, हिशेबी माणसे. त्यांनी पैसे ठेवले ते जाहिरात पाहून नव्हे. बहुतेकांना 'आपल्या' माणसाने सांगितले होते. परिचय हाच परवाना ठरला. नोंदणी कोठे आहे, पैसा कोठे गुंतवला जातो, एवढा परतावा कसा शक्य आहे, हे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे सद्भावनेने वाटले.

जेथे सामाजिक काम चांगले उभे आहे, तेथे परस्परविश्वास अधिक असतो. आणि जेथे विश्वास अधिक, तेथे लबाडाला पीक अधिक. म्हणून कार्यकर्त्याने एक पथ्य कटाक्षाने पाळले पाहिजे. आपल्या नावाचा, आपल्या ओळखींचा उपयोग कोणत्याही योजनेच्या प्रचारासाठी होऊ देता कामा नये. आणि आपल्या शेजाऱ्याची ठेव बुडाली असेल, तर 'आपलाच माणूस आहे, कशाला पोलिसांत जायचे' असे सांगून त्याला गप्प बसवता कामा नये. त्या मौनाच्या काळातच मालमत्ता विकल्या जातात.

अभिकर्त्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. गावात हप्ते गोळा करणारा एजंट हा बहुधा कोणाचा भाचा, कोणाची सून असते. त्याने स्वतःचेही पैसे त्यातच घातलेले असतात. लोक त्याच्या दारात बसतात, त्याला बाजारात फिरू देत नाहीत. त्याला आरोपी करावे की साक्षीदार? कोणाला कल्पना होती आणि कोण स्वतःच फसला, हे तपासून भेद करणारा वकील हवा. सूडाने केलेली तक्रार ठेवीदारालाच महाग पडते. कारण पैसे कोणाकडे पोहोचवले, हे न्यायालयाला सांगू शकणारा माणूस बहुधा हा अभिकर्ताच असतो.

राहता राहिला चरितार्थाचा प्रश्न. टक्केवारी निषिद्ध, अशील गरीब. मग वकिलाने जगावे कसे? यालाही मार्ग आहेत. ठेवीदारांनी रीतसर समिती स्थापावी, प्रत्येकाने अल्प शुल्क द्यावे, हिशेब उघडा ठेवावा. तीनशे ठेवीदारांचे थोडे थोडे शुल्क एका प्रामाणिक वकिलाला पुरते. दुसरा मार्ग विधी सेवा प्राधिकरणाचा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. गोंदियासारख्या जिल्ह्यात ठेवीदारांपैकी किती तरी जण या वर्गांत मोडतील. ते जिल्हा प्राधिकरणाकडे जात नाहीत, कारण त्यांना कोणी सांगत नाही. तिसरा मार्ग संघटनेचा. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा ग्राहक हा कोणी संघटित होणारा घटक आहे, हेच लोकांना पटत नव्हते. आज ग्राहक न्यायालयात वकिलाविना बाजू मांडणारी माणसे तालुक्या-तालुक्यांत आहेत. ठेवीदारांच्या बाबतीत तेच काम व्हावयाचे आहे.

येथे बसलेल्यांपैकी सर्वांनी हीच वकिली करावी, असा आग्रह नाही. परंतु आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात प्रत्येक तालुक्याला असा एक वकील आणि त्याच्या हाताशी कागद भरून देणारे चार तरुण असावेत, ही अपेक्षा अवास्तव नाही. वर्षातून दोन वेळा गावच्या शाळेत बसून लोकांच्या पिशव्या उघडाव्यात, कागद पाहावेत, ज्याला मार्ग आहे त्याला मार्ग सांगावा; ज्याला नाही, त्याला तसे स्पष्ट सांगावे. खोटी आशा दाखवणे ही सुद्धा एक फसवणूकच आहे, आणि त्या माणसाची एकदा फसवणूक झालेली आहे.

परत मिळेल ती रक्कम पूर्ण नसेल. कधी रुपयातले चार आणेच येतील. परंतु पंधरा वर्षांनी का होईना, ज्या दिवशी खात्यात पैसे जमा झाल्याचा संदेश येतो, त्या दिवशी त्या घराला केवळ पैसे मिळत नाहीत. आपण मूर्ख होतो म्हणून बुडालो, ही मनातील बोच कमी होते. चूक फसवणाऱ्याची होती, हे कोणी तरी अधिकाराने सांगितलेले असते. ते समाधान घरोघरी पोहोचवण्याचे काम आपल्यातील काही जण हाती घेतील, अशी अपेक्षा व्यक्त करून हे विवेचन येथे पूर्ण होते.